वाटे पाडणाऱ्या बाई

सात वर्षांच्या लेकराचा केक बाई करत नसत. सहाचा करत, आठचा करत, पाचचा तर हौसेनं करत. सातचं नाव काढलं की हातातली क्रीमची पिशवी खाली ठेवायच्या अन् गिऱ्हाइकाला सांगायच्या, "सात होत नाही." गिऱ्हाईक बिचारं माझ्याकडं बघायचं. मी गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावायची. दुकान माझं, ओव्हन माझा, लाईटचं बिल माझं, अन् आलेलं गिऱ्हाईक बाई परत पाठवणार.

कारण विचारलं की कंपास पुढं करायच्या. जेवढं वय तेवढे सारखे भाग केकावर पाहिजेत, हा त्यांचा नियम. वर्तुळाचे सहा सारखे भाग कंपासचं माप न बदलता पडतात, आठ पडतात, थोडी खटपट केली तर पाचही पडतात. सात मात्र नुसत्या कंपास-पट्टीनं पडतच नाहीत, अन् हे म्हणे कधीचंच सिद्ध झालेलं आहे. मी म्हणायची, कोनमापक लावा की मग. तर म्हणायच्या, कोनमापक म्हणजे जवळपास. 'जवळपास' हा शब्द बाईंच्या तोंडातून शिवीसारखा यायचा.

बाई आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या होत्या. अर्ध्या गावानं त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या, मीही त्यातलीच. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं याच्या गावानं चार कहाण्या रचल्या होत्या, बाईंनी त्यातली एकही खोडली नाही. शाळेच्या वळणावर रस्त्याला लागून त्यांचं घर. पुढं मोठी बैठक, मागं स्वयंपाकाची खोली अन् बोळात उघडणारं दार. साखरेचा आजार होता, म्हणून स्वतः केलेल्या केकाचा घास कधी तोंडात घेतला नाही. केक कसा लागतो ते मी सांगायचं, अन् माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नसायचा.

दुकानात आल्या त्या टोस्ट घ्यायला. मी अंबाजोगाईला केकचा कोर्स करून नुकतंच काम सुरू केलतं. काचेत एक केक ठेवला होता, वर गुलाबी क्रीमची फुलं. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला अन् म्हणाल्या, "ही फुलं नाहीत, सूज आहे." मला असा राग आला! टोस्टचा पुडा त्यांच्यापुढं आपटला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत पायरीवर बसलेल्या, मांडीवर कंपास पेटी. दार उघडताच विचारलंही नाही, सरळ आत, अन् उकळत्या पाण्यात कंपास धुऊन घेतली.

त्या दिवशी त्यांनी केकावर त्रिकोण काढला, त्रिकोणात उलटा त्रिकोण, उरलेल्या तिन्हींत परत तेच, असं करत करत क्रीमच्या नोझलच्या तोंडाएवढा त्रिकोण उरेपर्यंत. मी म्हणलं, हे कोण घेणार हो. संध्याकाळी एका मास्तरानं घेतला. नंतर त्याच्या शेजाऱ्यानं तसाच मागितला. मग धारूरकडून, युसूफ वडगावच्या बाजारकरांकडून लोक 'ते डिजाइनचे केक' विचारत यायला लागले. कुणाला सूर्यफुलातल्या बियांसारखी वळणं, कुणाला एकमेकांत अडकलेल्या फरश्या. साखरपुड्याला तर नवरा-नवरीचं नाव नको पण बाईंची जाळी पाहिजे, असं व्हायला लागलं. नाव बाई लिहीतच नव्हत्या. म्हणायच्या, ज्याचा केक आहे त्याला आपलं नाव माहीत असतं.

उन्हाळ्यात मात्र जीव नकोसा करून सोडायच्या. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, क्रीम हातात धरवत नाही. रेघ जरा खाली घसरली की बाई सगळं खरवडून काढायच्या. गिऱ्हाईक दारात उभं, तिकडं पाहुणे आलेले, अन् बाई पहिल्यापासून. मी ओरडायची, कुणाला दिसतंय बाई एवढं? त्या म्हणायच्या, "मला दिसतंय. अंदाज म्हणजे आळस." हे वाक्य शाळेत फळ्याशी उभं राहून इतक्यांदा ऐकलंय की मला स्वप्नातही ऐकू येतं.

आणखी एक खोड. दुकानात दोन लेकरं मिळून एक पेस्ट्री घ्यायला आली की बाई पुढं व्हायच्या. एकाच्या हातात सुरी द्यायच्या अन् दुसऱ्याला म्हणायच्या, हा कापील, तू आधी उचल. शेतीच्या वाटणीत आमच्याकडं हेच चालतं. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. पाडील त्यानं शेवटी घ्यायचं. शाळेतले सगळे धडे विसरलेली माणसंसुद्धा एवढं विसरत नाहीत. पोरं सुरी धरून अशी वाकायची, जीभ बाहेर काढून, केसाचाही फरक नको. भांडण म्हणून कधी झालं नाही.

सातचा केक त्यांनी एकदाच केला. डोंगराकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा धनगर नातीला घेऊन आला. घोंगडी खांद्यावर, पोरीच्या डोक्याला तेल चोपडलेलं. बाईंनी वय विचारलं, अन् झालं, सात होत नाही. म्हाताऱ्यानं जरा विचार केला.

"पोरगी तर झाली की सात वर्साची," तो म्हणाला. "ती कशी काय झाली मग?"

मी तोंडाला पदर लावून हसले. बाईंनी दुपारभर दोरा लावून, पुसून, परत लावून सात भाग पाडले. सहा जमले, सातवा किंचित मोठा पडला. म्हातारा म्हणाला लई झ्याक झालाय. बाईंनी पैसे घेऊ दिले नाहीत, अन् पोरीला बोट दाखवून सांगितलं, हा वाटा मोठा आहे बरं का, सांगून ठेवलेलं बरं. चुकीचा माल फुकट द्यायचा, अन् चूकही दाखवून द्यायची. असा धंदा असतो का कुठं?

आता दादांचं सांगते, कारण बाई म्हणलं की मला तोच केक आठवतो.

दादा म्हणजे आमच्या गावचा सगळा कारभार. तालुक्यात वजन, मागं पोरांची फौज. माझा गाळा स्टँडसमोर, पंचायतीचा. करार-बिरार काही नव्हता. दादांनी माझ्या सासऱ्यांना शब्द दिलता, त्या शब्दावर माझा ओव्हन उभा. आमचे हे दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. घर चालायचं ते गाळ्यावर. दादांचा वाढदिवस चौकात व्हायचा. फ्लेक्स, फटाके, तलवारीनं केक कापायचा, उरलेला एकमेकांच्या तोंडाला फासायचा. त्या वर्षी पंचायतीची निवडणूक तोंडावर होती, अन् सरपंचपदाला कुणाला उभं करणार हे दादांनी सांगितलं नव्हतं. इच्छुक दोन. एक दादांचा सख्खा धाकटा भाऊ. दुसरे आप्पा, ज्यांनी दादांच्या सगळ्या निवडणुका अंगावर घेतल्या ते. गावानं ठरवून टाकलं, चौकात दादा पहिला घास ज्याला भरवतील, तिकीट त्याचं.

केकाच्या एका घासावर असं सगळं येऊन बसलं. आधी धाकट्याचे फ्लेक्स लागले, मग आप्पांचे, त्याहून मोठे. मग एक फ्लेक्स कुणीतरी फाडला. मग बाजारात दोन पोरांची डोकी फुटली. आमच्या शेजारचा पानवाला सांगायचा, दोन्हीकडच्यांनी टेम्पोत काठ्या भरून ठेवल्यात. लोक टोस्ट घ्यायला यायचे तेही मागंपुढं बघत.

त्यात दादांची पोरं केकची ऑर्डर घेऊन आली. मोठा पाहिजे, अन् वर दादांचा फोटो. खायच्या कागदावर छापलेला फोटो मिळतो, तो क्रीमवर चिकटवायचा, सोपं काम. बाई आतून म्हणाल्या, फोटो होणार नाही. पोरं म्हणाली, कावून? बाई बाहेर आल्या, हाताला क्रीम तशीच. "वाढदिवसाला त्याच तोंडावर सुरी चालवणार ना तुम्ही? मला ते बघवत नाही." पोरांतला एक जण गाळ्याच्या शटरवर हात फिरवून म्हणाला, वहिनी, शटर चांगलं हाय, नवीन बसवलंय का. बाकी काही बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती.

ती गेल्यावर मी बाईंवर तुटून पडले. म्हणलं, तुमचं गणित तुमच्या घरी, माझा गाळा माझ्या पोटाचा हाय. एक फोटो चिकटवायला तुमचं काय जातंय?

"माझं काही जात नाही," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणते मी. तुमाला पेन्शन हाय, बाई. मला गाळा हाय."

एवढ्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा गप्प बसवलं होतं, अन् त्याचं मला काही सुख झालं नाही. बाईंनी कंपास धुतली, पेटीत ठेवली अन् घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा स्वतः आले. एकटे, मोटारसायकलवर, मागं कुणी नाही. मी स्टूल पुढं केलं तर बसले नाहीत, बाई उभ्या होत्या म्हणून. तेव्हा मला आठवलं, हेही बाईंच्याच वर्गातले.

मला वाटलं फोटोचं बोलतील. फोटोचं नावच नाही. खाली बघत म्हणाले, "बाई, पैला घास कुणाला देऊ?"

बाईंनी चष्मा पुसला. दादा सांगत राहिले. धाकट्याला द्यावा तर आप्पा जातोय, आप्पा गेला तर निवडणूक गेली. आप्पाला द्यावा तर घर फुटतंय, आईनं अन्न सोडायची धमकी दिलीय. दोघांचीही माणसं तयारीनं येणार हायेत. स्वतःच खाल्ला तर दोघंही भडकतील. आजारी पडायचं म्हणलं तर भेकड म्हणतील. ज्या माणसाच्या आवाजानं स्टँड गप्प व्हायचा, त्याचा आवाज निघत नव्हता.

बाईंनी त्यांना शाळेतल्यासारखं विचारलं. "तुमच्या आजोबांची वाटणी झाली तेव्हा वाटे कोणी पाडले?"

"थोरल्यानं."

"आधी उचलला कोणी?"

"धाकट्यानं." दादा बोलले अन् थांबले. मग वर बघितलं. माझ्या डोक्यात उजेड पडायला त्यांच्याहून जरा जास्त वेळ लागला. सुरी आप्पांच्या हातात द्यायची. दादांच्या वाढदिवसाचा केक आप्पा कापणार, केवढा मान! अन् घास धाकट्याला. एकाला सुरी, एकाला घास. दोघंही म्हणणार, मोठं ते मलाच मिळालं.

बाई म्हणाल्या, फोटो मात्र नाही. आप्पाच्या हातात सुरी देणार आहेस, खाली तुझं तोंड ठेवू का? दादांनी गळ्यावरून हात फिरवला अन् म्हणाले, नको. जाताना माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, हे नीट पार पडलं की गाळा तुमच्या नावावर. शब्द."

त्या केकाला बाईंना इतका वेळ लागला की माझे देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते. आकृती म्हणाल तर साधी. कंपास पेटी मिळाल्यावर प्रत्येक पोर पहिल्या दिवशी काढतं ते सहा पाकळ्यांचं फूल. तेच फूल, त्याला लागून दुसरं, त्याला लागून आणखी, अशी काठापर्यंत पाकळ्यांची जाळी. त्यात दोनदा लाईट गेली. बाईंनी दोनदा खरवडलं. मी एक शब्द बोलले नाही. माझा गाळा त्या पाकळ्यांत अडकला होता.

वाढदिवसाला दिवस मावळायच्या आत चौक भरला. एका बाजूला धाकट्याची माणसं, दुसऱ्या बाजूला आप्पांची, मध्ये टेबल अन् टेबलावर आमचा केक. दोन्ही टेम्पो उभे, ताडपत्री टाकलेले. ताडपत्रीखाली काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. मी बाईंच्या मागं उभी. पोरांनी तलवार आणली. दादांनी ती घेतली अन् सगळ्यांसमोर आप्पांच्या हातात दिली. आप्पांच्या बाजूनं आरोळी उठली, धाकट्याच्या बाजूनं माणसं पुढं सरकली. तेवढ्यात बाई टेबलाशी गेल्या.

"तलवार लांब आहे. केंद्र चुकेल," म्हणाल्या, अन् माझी ब्रेड कापायची सुरी पुढं केली.

आप्पांनी दादांकडं बघितलं. दादांनी मान हलवली अन् मोठ्यानं सांगितलं, आप्पा माझ्या थोरल्यावाणी हायेत. थोरला पाडतो, धाकटा उचलतो. चौकातल्या म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. हे त्यांना पटलं. आप्पांनी सुरी घेतली, केकावर वाकले, अन् तसेच थांबले. पाकळ्या सगळ्या सारख्या. कुठून सुरुवात करावी कळेना. सगळे मोबाईल त्यांच्यावर. सुरी वाकडी गेली असती तर एक बाजू म्हणाली असती मुद्दाम केलं.

"बाई, कुठून कापू?"

"केंद्रातून जाऊ दे," बाई म्हणाल्या. "मग कुठूनही काप."

आप्पांनी कापलं. आता धाकट्यानं उचलायचं. तो इकडून बघतो, तिकडून बघतो, खाली वाकून बघतो. दोन्ही अर्ध्यांत पाकळीचाही फरक नाही. कोणतं मोठं हेच ठरेना. गर्दीतून कुणीतरी म्हणलं, उचल की बे, सकाळ करतो का, अन् आधी एक हसला, मग दुसरा, मग आप्पा स्वतः. ते हसणं दोन्ही बाजूंना पसरलं. धाकट्यानं लाजून एका अर्ध्यावर बोट ठेवलं, दादांनी त्यातला तुकडा त्याच्या तोंडात घातला. ताडपत्र्या निघाल्या नाहीत. मी बाईंचा दंड धरून रडत होते. बाई म्हणाल्या, रडायला काय झालं, बरोबर आलंय.

बरोबर आलं होतं खरं. तिकीट धाकट्याला मिळालं. आप्पांच्या हातातली सुरी सगळ्या मोबाईलवर फिरली, पण सुरीनं पोट भरत नाही. पुढच्याच आठवड्यात दादांचा माणूस आला. आप्पांना कायतरी द्यावंच लागतंय म्हणाला. त्यांच्या पोराला मोबाईलचं दुकान टाकायचंय, गाळा मोकळा करा. मी म्हणलं, दादांनी शब्द दिलाय. तो म्हणाला, शब्द आप्पांनाबी दिलाय.

बाई त्या वेळी आत होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. हातही न धुता तशाच दादांच्या घरी गेल्या. तिथं काय झालं ते मी नंतर ऐकलं. दादांनी पायाला हात लावला, बसायला खुर्ची दिली, चहा दिला, अन् गाळ्याचं सोडून काहीही मागा म्हणाले. बाई चहाला शिवल्या नाहीत. परत येऊन माझ्या दुकानात स्टुलावर बसल्या. आमचे हे टेम्पोत ओव्हन चढवत होते. मी बाईंकडं बघत नव्हते. खरं सांगते, मला त्यांचा संताप आला होता. वाटत होतं, हिच्या हुशारीपायी माझं घर उठलं.

"दोघांत वाटलं मी," बाई म्हणाल्या. "तिसरा माणूस धरलाच नाही."

मी केकचे साचे पोत्यात भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी निरोप पाठवला, घरी ये. जायचं मनात नव्हतं, पण शाळेपासूनची सवय, बाईंनी बोलावलं की जायचं. गेले तर दार उघडं, बैठक रिकामी. कपाट, खाट, खुर्च्या, सगळं ओढून मागच्या खोलीत कोंबलेलं. अन् फरशीवर खडूनं एक रेघ, दोरा लावून ओढलेली, पार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाई रेघेपलीकडं उभ्या, मागच्या खोलीच्या दाराशी. हाताला, लुगड्याला, केसांना खडू लागलेला.

"वाटे मी पाडलेत," म्हणाल्या. "तू उचल."

मी रेघ बघितली. अलीकडं सगळी बैठक, रस्त्यावरचं दार, दोन्ही खिडक्या, लाईटचा मीटर, नळ. पलीकडं सामानानं भरलेली ती खोली अन् बोळातलं दार. उभं राहायला जागा होती ती बाईंनीच व्यापली होती. ज्या बाईनं सातव्या वाट्याचा गव्हाएवढा फरक फुकट दिला पण लपवला नाही, तिनं ही रेघ ओढली होती. आदल्या दिवशीचा राग कुठं ठेवावा हे कळेना.

"बाई, ह्यो वाटा मोठा हाय," मी म्हणलं.

"मोजलास?"

"न्हाई. दिसतंय की."

"मग अंदाजानं बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "उचल."

बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. दुकान त्यांच्या बैठकीतच आहे. सातचा केक कुणी मागितला की मी करते, दोरा लावून, जवळपास. ती रेघ मात्र फरशी पुसताना मी सोडून पुसते.